दोन काळे: गवा आणि अस्वल (पेस्टलच्या नोंदी)

१९ मे

काल रात्री दाजीपूरच्या जंगलातून परत आलो. पहाटे सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, धुकं होतं आणि धुक्यात नऊ गवे. एक दांडगा नर, बाकी माद्या आणि दोन वासरं. वीसेक मिनिटं मिळाली. वहीत सात रेखाटनं झाली, त्यातली तीन कामाची. फोटोही काढले, पण मोबाइलला गवा झेपत नाही. धुकं नीट दाखवायला गेला की गव्याच्या जागी नुसतं काळं भोक पडतं. त्यामुळे भरवसा समासात खरडलेल्या शब्दांवरच: ‘पाठीवर आभाळ. पोटाखाली तांबूस. कपाळ राखेचं. पायमोजे मळक्या सायीचे. शिंगं बुडाशी पिवळट, टोकं काळी.’

या पावसाळ्यात दोनच चित्रं करायची, १५ बाय २२ इंच. एक गवा, एक अस्वल. दोघंही काळे. पण गव्याचे केस आखूड, अंगाला चिकटलेले, उजेड परतवणारे. अस्वलाची लव लांब, धुळकट, उजेड गिळणारी. हे दोन काळे शेजारी टांगले तर वेगळे दिसले पाहिजेत, एवढंच साधायचंय.

(वाटेत चहाच्या टपरीवर एक पर्यटक मुलाला ‘बायसन, बायसन’ म्हणून दाखवत होता. गवा म्हणजे बायसन नव्हे. तो गाईबैलांच्या कुळातला, गोव्याचा राज्यप्राणी. राधानगरी-दाजीपूरचं जंगल १९५८ मध्ये अभयारण्य झालं ते याच्याच नावावर, आणि त्या नावातही ‘बायसन’ घुसलाच होता. मी गप्प बसलो, चहा गार होत होता.)

२५ मे

पहिला गवा वाया.

चूक माझीच, आणि शाळेतली पोरं करतात तीच. काळी कांडी उचलली, अंग भरलं, वर पांढऱ्याने चमक द्यायला गेलो. दहा मिनिटांत कागदाचा दाणा भरून गेला. पेस्टल म्हणजे रंगाची भुकटी आणि तिला जेमतेम धरून ठेवणारा डिंक. ती कागदाच्या खडबडीत अंगात अडकून राहते. खळगे भरले की वरचा थर घसरतो. मग मी बोटाने घोटत बसलो आणि गवा पाटीवरच्या पुसलेल्या गणितासारखा राखाडी झाला.

कागद १६० ग्रॅमचा, मी-तँत नावाचा. त्याची एक बाजू मधाच्या पोळ्यासारखी जाळीदार असते, दुसरी बारीक पोताची. मी जाळीदार बाजू वापरली होती. गव्याच्या खांद्यावर षटकोनी जाळी दिसत होती. मुलगी म्हणाली, “बाबा, यानं स्वेटर घातलाय का?”

२ जून

आधी कागदाचा निकाल लावायला हवा. परदेशी पेस्टलमॅट कागद उत्तम आहे, पण एक ताव वापरताना हात आखडतो, आणि आखडलेल्या हाताने प्रयोग होत नाहीत. म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिश पेपर आणला: ३२०, ४००, ६००, ८०० नंबर. शिवाय गाड्यांना डुको मारणारे वापरतात तो काळा वॉटर पेपर, ६०० आणि ८००.

३२० वर कांडी किसणीवर खोबरं किसावं तशी गेली. बोटाने घोटायला गेलो तर तर्जनीची साल निघाली, गव्याच्या मानेवर रक्ताचा ठिपका. ४०० ठीक, पण खर्चिक, कारण रंग फार खातो. ६०० वर सहा-सात थर आरामात बसले. ८०० वर पेस्टल पेन्सिलीची रेघ सुरेख येते, मोठी कांडी मात्र सरकते.

सगळ्यात मजा काळ्या वॉटर पेपरवर आली. पांढऱ्या कांडीची चपटी बाजू अगदी हलकी फिरवली, दाब नाहीच, आणि तो पट्टा पांढरा दिसेना. निळसर दिसला. आधी वाटलं कांडीला निळा लागलाय. नवी पांढरी कांडी फोडून पाहिली. तेच. काळ्यावर पांढऱ्याचा विरळ थर निळा दिसतो. अंधाऱ्या माजघरात चुलीचा धूर निळा दिसतो आणि तोच कौलांवर, उजळ आभाळापुढे पिवळट, त्यातला प्रकार. तोच पांढरा दाबून लावला की निळेपण गेलं, उरला नुसता खडू.

म्हणजे गव्याच्या पाठीवरचं आभाळ रंगवायला निळी कांडी लागणारच नाही कदाचित.

त्याच दिवशी आणखी एक काम केलं. घरात आहेत त्या सगळ्या रंगांचे पट्टे एका कार्डावर ओढले, अर्धी बाजू अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलने झाकली आणि कार्ड दक्षिणेच्या खिडकीत चिकटवलं. ऑगस्टअखेर बघू.

९ जून

पॉलिश पेपर सरावाला छान, पण चित्राला नको. पाठचा कागद टिकाऊ नसतो, पिवळा पडून तडकतो. तेव्हा पृष्ठभाग घरीच करायचा.

माउंट बोर्डवर जेसो (अस्तराचा पांढरा रंग) आणि त्यात वाटलेला दगड. प्युमिस पावडर कोल्हापुरात धड मिळाली नाही, म्हणून रांगोळी घेतली. पांढरी, साधी, दगडाची. तांदळाच्या पिठाची नव्हे, तिला आठवड्यात बुरशी आली असती. जशीच्या तशी घातली तर ३२० नंबरचाच अनुभव, म्हणून मलमलीतून चाळली. चाळून खाली पडली तीच घ्यायची, वर राहिलेली उंबऱ्यापुढे आईच्या कामी आली. तीन चमचे जेसो, एक चमचा रांगोळी, पातळ होण्यापुरतं पाणी, आणि तांबूस तपकिरी अ‍ॅक्रिलिकचा एक ठिपका. एक हात आडवा, वाळल्यावर दुसरा उभा. बोर्ड वाकतो, म्हणून मागच्या बाजूलाही एक हात मारायचा.

हा माझा ६०० नंबर. पेस्टलमॅटच्या एका तावाच्या पैशात नऊ बोर्ड झाले.

१५ जून

शाळा सुरू. काही काम नाही.

२२ जून

गंगावेशीत दूध कट्ट्यावर गेलो होतो. दुधासाठी नव्हे, म्हशींसाठी. (दूधही प्यायलो. समोर धार काढलेलं, फेसाळ, गरम.) गवा पुन्हा दिसेल तो पावसाळ्यानंतर, पण तोवर काळं, आखूड केसांचं, ओलं अंग जवळून बघायचं तर म्हशीइतकं मॉडेल नाही, आणि ती हलत नाही.

दोन तास बसलो. दिसलं ते असं. म्हशीच्या अंगावर काळा रंग जवळपास कुठेच नाही. पाठीचा सपाट भाग आभाळाचा: दिवस मावळताना जांभळट राखी, नंतर ट्यूबलाइट लागली तशी हिरवट पांढरी. पोटाची खालची बाजू जमिनीच्या उजेडाची, म्हणजे तांबडट. या दोहोंच्या मधला, कुशीवरून उभा उतरणारा पट्टा तेवढा खरा गडद, आणि तोही तपकिरी. निखळ काळं सापडलं ते नाकपुडीत, कानाच्या मुळाशी आणि डोळ्याच्या वरच्या पापणीखाली. बोटाच्या पेराएवढ्या तीन जागा.

डोळाही बघून घेतला. बाहुली आडवी असते, गोल नाही. तिच्यावर आभाळाचा तुकडा पडतो आणि त्या तुकड्यात पापणीच्या केसांची सावली. डोळ्यासाठी मी आधी एक फोटो जपून ठेवला होता, डिसेंबर २०२० मध्ये पुण्यात कोथरूडला वस्तीत शिरलेल्या त्या गव्याचा. माणसांच्या धावपळीत तो मेला. त्या फोटोत डोळ्याचा पांढरा भाग दिसतो. शांत गव्याचा तो सहसा दिसत नाही. मी नकळत तोच डोळा पहिल्या चित्रात काढला होता. फोटो काढून टाकला.

म्हशीवाल्या मामांनी शेवटी विचारलंच, “काय मास्तर, म्हशीचं चितार काढतायसा व्हय?”

“गव्याचं, मामा.”

त्यांनी एकदा वहीकडे पाहिलं, एकदा म्हशीकडे, आणि बादली उचलली.

५ जुलै

दुसरा गवा सुरू. क्रम उलटा केला, काळी कांडी पेटीतच ठेवली.

पहिला थर तांबड्या तपकिरीचा, पोट आणि पायांच्या आतल्या बाजूला. दुसरा गडद निळा, पाठ आणि खांद्यावर. दोन्ही विरळ. मग औषधांच्या दुकानातलं स्पिरिट चपट्या कुंचल्याने वरून फिरवलं. भुकटी वितळल्यासारखी होऊन दाण्यात शिरते आणि दोन मिनिटांत वाळते. पाण्याने बोर्ड फुगतो, स्पिरिटने नाही. खिडक्या उघड्या, गॅस बंद. वाळल्यावर दाणा पुन्हा मोकळा, म्हणजे वर पुन्हा सात थरांची जागा. जिथे निळा तपकिरीवर चढला तिथे काळा आपोआप तयार झाला, आणि तो पेटीतल्या काळ्यापेक्षा खोल.

त्यावर वॉटर पेपरवाली युक्ती. पांढरी नाही, फिकट राखी कांडी आडवी धरून, श्वास रोखून, खांद्याच्या वशिंडावरून एकदाच. आभाळ उतरलं. खरंच उतरलं. दुसऱ्यांदा फिरवायचा मोह झाला म्हणून उठून गॅलरीत गेलो.

कपाळ आणि पायमोजे उद्या.

१४ जुलै

न्यू पॅलेसच्या संग्रहालयात अस्वल बघायला. तिथे पेंढा भरलेले बरेच प्राणी आहेत. फोटो काढता येत नाहीत, वही-पेन्सिलीला कुणी हटकलं नाही.

काय मिळालं: नखांची लांबी आणि बाक. छातीवरचा पांढरा पट्टा लोक इंग्रजी ‘व्ही’सारखा काढतात, पण त्याची कड धारदार नसते, काळे केस त्यात घुसलेले असतात. काय नाही मिळालं: तोंड. अस्वलाला वरच्या पटाशीच्या मधले दोन दात नसतात, ओठ लांब आणि लवचीक. त्यातून ते वाळवी ओढून घेतं, नळीने ओढावी तशी. भरलेल्या जनावराचा ओठ वाळून आखडतो आणि नेमकं तेच जातं. दुसरं म्हणजे रंग. इतक्या वर्षांत काळे केस पिंगट झालेत. त्याच्यावरून रंग घेतला असता तर अस्वल नव्हे, नारळ झाला असता.

तोंडासाठी कात्रजच्या प्राणिसंग्रहालयातली दोन वर्षांपूर्वीची रेखाटनं शोधून काढली. त्यात एक ओठ सापडला.

२६ जुलै

आठवडाभर धो धो. पंचगंगा धोक्याच्या पातळीवर, राजाराम बंधाऱ्याला ४३ फुटांच्या वर. शाळेला सुट्टी. आमचा भाग उंचावर आहे, पण भावजींचं सामान माळ्यावर चढवण्यात दोन दिवस गेले.

आज गव्याला हात लावला आणि घात झाला. पेस्टल झडू नये म्हणून फिक्सेटिव्ह मारला. असल्या दमट हवेत मारायलाच नको होता. फवाऱ्यातला द्रव उडून जाताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि थर दुधाळ होतो. गव्याच्या अंगावर, जिथे मी श्वास रोखून आभाळ उतरवलं होतं तिथे, फवाऱ्याच्या आकाराचं एक धुरकट गोल. पुसता येत नाही.

फ्रेंच चित्रकार देगा थराथरांमध्ये फिक्सेटिव्ह मारत जायचा, तेव्हा मारूच नये असं नाही. पण तो काही जुलैत कोल्हापुरात राहत नव्हता. आता ठरलं: फिक्सेटिव्ह मारायचा तो खालच्या थरांवर, कोरड्या दिवशी. शेवटच्या थराला हात नाही. शेवटच्या थराचं विरळपण हीच त्याची किंमत, आणि फवारा तेच बुजवतो.

कपाटामागे ठेवलेल्या पहिल्या गव्याला पांढरी बुरशी आलीय. त्याचं दुःख नाही.

४ ऑगस्ट

गव्याचं धुरकट गोल खरखरीत कोरड्या कुंचल्याने झाडून काढलं आणि तेवढी पाठ नव्याने केली. पहिल्यासारखी नाही, पण चालेल. तो आता भिंतीकडे तोंड करून उभा. अस्वलाकडे वळतो.

अस्वलाला गव्याची रीत लावून पाहिली आणि अस्वल चमकायला लागलं. ओलं अस्वल. मला हवं ते वैशाखातलं, वारुळ उकरून धुळीने भरलेलं. उजेड गिळणारा काळा पेटीत नव्हता, मग तो घरी केला.

काजळी आईच्या पद्धतीने धरली: तुपाची पणती, वर तांब्याची ताटली. तीन रात्रींत चमचाभर. पण काजळी पाण्यात मिसळत नाही, तरंगते. हलवत बसलो तरी वर तोंड काढून हसते. स्पिरिटचे चार थेंब टाकले तशी मुकाट्याने खाली बसली. बांधायला कतिरा डिंक, काष्ठौषधीच्या दुकानातला. कढई नावाच्या झाडाचा डिंकही त्याच नावाने देतात, विचारून घ्यावा. रात्रभर भिजवला, सकाळी फुगून लिबलिबीत झाला, त्यात तिप्पट पाणी. गोळा मळून कडबोळ्यासारखा हाताने वळला. पहिल्या खेपेला डिंक जास्त झाला, कांड्या वाळून दगड. कागदावर ओरखडा उठतो, रंग नाही. दुसऱ्या खेपेला अर्धा डिंक, आणि नुसती काजळी फार हलकी म्हणून थोडी जळकी उंबर (बर्न्ट अंबर, भाजलेली तपकिरी माती) भुकटी. वाळायला पाच दिवस. उन्हाळ्यात दोन लागले असते.

मास्क न चुकता. ही भुकटी फुफ्फुसात जायला टपलेली असते, म्हणून बोर्डावर फुंकर मारायची नाही, बोर्ड तिरपा करून मागून टिचकी. घरच्यांची तक्रार वेगळी: फ्रिजच्या दारावर पाच काळी बोटं, दूध ठेवायच्या जागेपर्यंत माग काढता येतो.

११ ऑगस्ट

मामेबहीण आली होती. ती व्यक्तिचित्राच्या रांगोळ्या काढते, लेक कलर (रांगोळीचे रंग) घेऊन, तासन्‌तास बैठक मारून. मी अस्वलाचे केस एकेक करून ओढत होतो. ती मागे उभी राहून बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “दादा, केस मोजतोस का?”

तिने चहाची गाळणी मागितली. फिकट मातकट कांडी गाळणीच्या जाळीवर घासली आणि आडव्या ठेवलेल्या बोर्डावर भुकटी पाडली, रांगोळीत करतात तशी, हात सतत फिरता. मग वर बटर पेपर ठेवून तळहाताने हलकेच दाबलं. घासलं नाही, दाबलं. धूळ अस्वलाच्या पाठीवर बसली. रंगवलेली धूळ नव्हे, धूळच.

मी इतके दिवस धूळ ‘काढत’ होतो.

१८ ऑगस्ट

अस्वलाचे केस. आतल्या भागात एकही रेघ नाही, नुसते काजळीचे गठ्ठे, बोटाच्या टोकाने केसांच्या दिशेने ओढलेले. रेघा फक्त कडेला, जिथे अस्वल मागच्या गवतावर येतं: मानेचा झुलता पट्टा, कोपर, कान. तिथेही कांडीची फुटकी धार वापरली, टोकदार पेन्सिल नाही. पेन्सिलीच्या केसांना तेल लावून भांग पाडल्याची कळा येते.

छातीचा पट्टा सगळ्यात शेवटी. आधी पांढरा आणि मग त्याच्यात वरून काळे केस. उलटं केलं तर पट्टा लटकवलेला दिसतो.

मुस्कटावरचे केस... हे उद्या, बोटं सुन्न झालीत.

३१ ऑगस्ट

खिडकीतल्या कार्डाची फॉइल काढली. पावसाळ्याचं कोंदट ऊन, तरी निकाल स्पष्ट. गेरू, उंबर, काजळी, नीळ: झाकलेला अर्धा आणि उघडा अर्धा ओळखू येत नाही. बहिणीकडून घेतलेला लेक गुलाबी अर्ध्यावर आला, लेक जांभळा राखी. शाळेच्या पेटीतला केशरीही उतरला. बहिणीला फोन केला तर ती म्हणाली, “माझी रांगोळी तीन दिवसांत झाडूनच टाकतात, मला काय करायचंय?”

तिचं बरोबर आहे. पण माझ्या अस्वलाच्या जिभेत तो गुलाबी आहे. जीभ खरवडून गेरू आणि पांढऱ्याने पुन्हा केली.

८ सप्टेंबर

दोन्ही चित्रं शेजारी ठेवली. काळे वेगळे दिसतात. अस्वलाकडे नजर गेली की आत जाते, गव्याकडे गेली की घसरते.

म्हशीवाल्या मामांना घरी बोलावलं होतं, गणपतीच्या निमित्ताने. प्रसाद घेतला, चित्रापुढे उभे राहिले. अस्वलाला नुसती मान हलवली. गव्यापाशी थांबले.

“बेस हाय. पर मास्तर, ही म्हसच हाय. शिंगं तेवढी गव्याची लावलीसा.”

मी वशिंड दाखवलं, पायमोजे दाखवले.

“त्ये बराबर. पर अंग म्हशीचं हाय. म्हशीला केस कुठं असत्यात? चामडं चमकतंय तिचं. गव्याला केस असत्यात की.”

ते गेल्यावर दाजीपूरची वही काढली. तिसऱ्या रेखाटनाच्या समासात माझ्याच अक्षरात: ‘चमक तुटक. घोड्यासारखी.’ मेमध्ये लिहिलेलं, आणि जूनमध्ये कट्ट्यावर बसून विसरलेलं.

१० सप्टेंबर

कडक चौकोनी कांडी, गडद तपकिरी. खांद्यावरच्या चमकेवरून आखूड, कोरडे फटकारे, केसांच्या वळणाने: वशिंडावरून खाली, मानेवर पुढे, कुशीत भोवऱ्यासारखे. चमक मधे मधे तुटली. साधारण चाळीस फटकारे असतील, त्यातले दहा पुन्हा उचलले, मळून मऊ केलेल्या खोडरबराने, दाबून.

उद्या फ्रेमवाल्याकडे. काचेला चित्र टेकता कामा नये, मधे माउंट आणि त्याच्या आड ३ मिलिमीटरची पट्टी, म्हणजे झडलेली भुकटी पट्टीमागे पडेल, माउंटवर नाही. काचच हवी. अ‍ॅक्रिलिक पुसलं की त्यावर वीज जमते आणि ते पेस्टल ओढून घेतं. न्यायच्या वेळी दोन्ही बोर्ड आडवे, वर बटर पेपर, दुचाकीवर नाही.

पेटीत राहिलेलं: काजळीच्या कांड्या चार, त्यातली एक तुटकी. गेरू संपला, पावशेर आणायचा, कोळसुंद्यासाठी (रानकुत्र्यासाठी).